उपचारातील हलगर्जीपणा आणि नुकसानभरपाई: विदर्भातील खेड्यातून दावा कसा उभा करावा

विदर्भातील खेड्यात गंभीर रुग्णाचा प्रवास सहसा एका दवाखान्यात संपत नाही. गावातला डॉक्टर सलाईन लावतो, मग तालुक्याच्या खासगी दवाखान्यात किंवा ग्रामीण रुग्णालयात भरती होते, तिथून जिल्ह्याला आणि शेवटी ‘मेडिकलला न्या’ म्हणून नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात. या साखळीत रुग्णाचे बरेवाईट झाले की नातेवाइकांचा राग बहुधा शेवटच्या दवाखान्यावर निघतो, कारण वाईट बातमी तिथे कळलेली असते. दावा मात्र रागावर टिकत नाही. कोणत्या टप्प्यावर, किती वाजता, कोणी काय करायला हवे होते आणि ते का झाले नाही, एवढे कागदावर दाखवता आले तरच तो टिकतो. माझ्या मते ग्रामीण भागातले निम्मे काम ही साखळी वेळेनुसार मांडण्यात आहे, आणि वकिलाकडे जाण्यापूर्वी ते घरच्यांनाच करावे लागते.

हलगर्जीपणा म्हणजे काय आणि काय नाही

रुग्ण दगावला, ऑपरेशन यशस्वी झाले नाही किंवा उपचारानंतर गुंतागुंत झाली, एवढ्यावरून कायद्याच्या दृष्टीने हलगर्जीपणा सिद्ध होत नाही. त्याच शाखेच्या साधारण कुशल डॉक्टरने त्या परिस्थितीत जेवढी काळजी घेतली असती तेवढी घेतली गेली का, हे न्यायालय पाहते. दोन मान्य उपचारांपैकी डॉक्टरने एक निवडला आणि तो लागू पडला नाही, तर तो दोष ठरत नाही. मात्र सर्पदंशाचा रुग्ण विषबाधेची स्पष्ट लक्षणे असताना प्रतिविष न देता तासन्‌तास बसवून ठेवणे, कळा लांबल्या असताना बाळाचे ठोके न तपासणे, रक्तगट न जुळवता रक्त चढवणे किंवा पोटात कापड राहू देणे, या गोष्टींचा विचार वेगळ्या पातळीवर होतो.

दावा उभा राहण्यासाठी तीन गोष्टी जोडून दाखवाव्या लागतात. डॉक्टरवर काळजी घेण्याची जबाबदारी होती, ती पाळली गेली नाही, आणि नुकसान त्यामुळेच झाले. बरेच दावे तिसऱ्या ठिकाणी अडतात. चूक झालेली असते, पण चूक झाली नसती तरी परिणाम तोच झाला असता, असे समोरचा वकील म्हणतो आणि त्याला उत्तर देणारा कागद तक्रारदाराकडे नसतो.

संमतीबद्दल दोन गैरसमज सर्रास आढळतात. ऑपरेशनपूर्वी अंगठा दिला किंवा सही केली म्हणून हलगर्जीपणाची तक्रार करण्याचा हक्क जात नाही. दुसरे म्हणजे, एका गोष्टीसाठी दिलेली संमती दुसऱ्या गोष्टीला चालत नाही. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हेच स्पष्ट केले होते. तपासणीसाठी दुर्बीण घालण्याची संमती होती आणि रुग्ण भुलीखाली असताना गर्भाशय काढले गेले. जिवाला तातडीचा धोका नसताना रुग्णाला न विचारता असे करता येत नाही, असा तो निर्णय आहे. गर्भाशय काढण्याची ऑपरेशने ज्या भागांत सहज सुचवली जातात, तिथल्या बायांना ही गोष्ट माहीत असणे फार गरजेचे आहे.

पहिले काम: कागद हाती घेणे

सुटी होताना मिळणारे डिस्चार्ज कार्ड हा संपूर्ण रेकॉर्ड नव्हे. तो डॉक्टरने शेवटी लिहिलेला गोषवारा असतो. खरी हकीकत आतल्या कागदांत असते: भरतीच्या वेळची तपासणी, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, सिस्टरने वेळेसह लिहिलेला औषधांचा आणि नाडी-तापमान-रक्तदाबाचा तक्ता, ऑपरेशनची आणि भुलीची नोंद, संमतीपत्र, लॅबचे रिपोर्ट, एक्स-रे आणि सोनोग्राफीच्या फिल्म. बाळंतपणाचे प्रकरण असेल तर पार्टोग्राफ जरूर मागावा. कळा, बाळाचे ठोके आणि गर्भाशयाचे तोंड किती उघडले हे त्यात तासागणिक भरायचे असते. तो कोरा असला किंवा सगळ्या खुणा एकाच पेनाने एका दमात केल्यासारख्या दिसल्या, तर तो तक्ता स्वतःच पुरावा होतो.

हे कागद मागण्याचा रुग्णाला हक्क आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार भरती रुग्णाचे रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवावे लागते आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागणी केल्यावर ७२ तासांच्या आत द्यावे लागते. तोंडी मागणीला काही अर्थ नाही. साध्या कागदावर रुग्णाचे नाव, भरतीची आणि सुटीची तारीख लिहून ‘माझ्या संपूर्ण आंतररुग्ण नोंदींच्या साक्षांकित प्रती, सर्व तपासण्यांच्या अहवालांसह, नियमाप्रमाणे ७२ तासांच्या आत द्याव्यात; प्रतींचा खर्च देण्यास मी तयार आहे’ असा अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी. रेकॉर्ड नाकारणे हाही दोष धरला जातो आणि तो पुढे ग्राहक आयोगापुढे तक्रारदाराच्या बाजूने बोलतो. दवाखान्यात सीसीटीव्ही असेल तर त्या दिवसाचे चित्रीकरण जपून ठेवण्याची मागणी याच अर्जात करावी, कारण जुने चित्रीकरण आपोआप पुसले जाते. सरकारी दवाखान्यातून कागद मिळत नसतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. त्याला ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

बाह्यरुग्ण विभागाचा केस पेपर मात्र आपल्याच हातात असतो आणि तोच बहुतेक वेळा हरवतो. औषधाच्या चिठ्ठ्या, रिकामी पाकिटे आणि मेडिकल स्टोअरची बिले एका पिशवीत घालून ठेवावीत.

रेफरच्या वेळी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी. रुग्णाला दुसरीकडे हलवताना कागदावर ‘पुढील उपचारासाठी पाठवले’ असे लिहिले आहे, की ‘नातेवाईक स्वतःच्या मर्जीने घेऊन जात आहेत’ असे? दवाखान्याच्या बोलीत त्याला ‘डामा’ म्हणतात. घाईत, रात्री, रुग्णवाहिका दारात उभी असताना पुढे केलेल्या कागदावर सही होते आणि दोन वर्षांनी त्याच सहीच्या आधारे सारी जबाबदारी नातेवाइकांवर ढकलली जाते. मजकूर वाचता येत नसेल तर आशाताईकडून किंवा शिकलेल्या माणसाकडून वाचून घ्यावा. डॉक्टरने स्वतः हलवायला सांगितले असेल तर सहीजवळ तेवढे एक वाक्य लिहावे.

मग घरी बसून वेळापत्रक करावे. १०८ ला फोन कधी केला ते मोबाइलमध्ये दिसते. कोणत्या नातेवाइकाला काय सांगितले ते व्हॉट्सॲपवर असते. औषधाच्या बिलावर कधी कधी वेळ छापलेली असते. सोबत असलेल्या प्रत्येकाने आपल्याला जे स्वतः दिसले तेवढेच वेगवेगळे लिहावे, एकमेकांचे ऐकून नव्हे. मोबाइलमधले मूळ फोटो आणि ध्वनिमुद्रण पुसू नये, कारण असा पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडावे लागते.

रुग्ण दगावला असेल तर

शवविच्छेदन न केल्यास मृत्यूचे कारण पुढे फक्त अंदाजाने सांगावे लागते आणि अंदाजावर भरपाई मिळत नाही. दुःखाच्या त्या वेळी ‘कापाकापी नको’ ही भावना स्वाभाविक आहे, पण शंका असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी कळवून मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल करून घ्यावा आणि शवविच्छेदन शक्यतो त्या दवाखान्याशी संबंध नसलेल्या ठिकाणी, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात व्हावे, अशी विनंती करावी. चित्रीकरणाची आणि व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले आतल्या अवयवांचे नमुने) राखून ठेवण्याची मागणीही लेखी करावी. मृतदेह लवकर मिळावा म्हणून ‘आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही’ असा मजकूर पुढे केला जातो. शंका असताना त्यावर सही करू नये. बिल बाकी आहे म्हणून मृतदेह अडवून ठेवण्याचा अधिकार दवाखान्याला नाही.

तोडफोड आणि मारहाण टाळावी. ती चुकीची आहेच, शिवाय महाराष्ट्रातील २०१० च्या कायद्यानुसार हा अजामीनपात्र गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि मोडतोडीच्या दुप्पट भरपाई होऊ शकते. अशा दिवशी दवाखान्याचे रेकॉर्ड ‘गर्दीत गहाळ झाले’ तर तक्रारदाराला बोलायला जागा उरत नाही.

दाद कुठे मागावी: पैसे कोणी दिले ते पाहा

खासगी दवाखान्यात पैसे देऊन उपचार घेतले असतील तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा सर्वांत सोपा मार्ग आहे. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये, व्ही. पी. शांता प्रकरणात ठरवले. सर्वांनाच मोफत सेवा देणारा दवाखाना या कायद्याबाहेर राहतो, नाममात्र केस पेपरचे पैसे घेतले तरीही. मात्र काही रुग्णांकडून पैसे घेणाऱ्या दवाखान्यातला मोफत रुग्णही ग्राहक ठरतो. विमा कंपनीने रुग्णाच्या वतीने पैसे भरले असतील तर ती सेवा मोफत धरली जात नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार झाले असतील तर हाच मुद्दा तक्रारीत पुढे करावा आणि योजनेची मंजुरीची कागदपत्रे जोडावीत.

दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे होते. इथे डॉक्टरला दिलेले पैसे मोजले जातात, मागितलेली भरपाई नव्हे, म्हणून खेड्यातले जवळपास प्रत्येक प्रकरण जिल्हा आयोगातच बसते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. चूक नागपुरात झाली असली तरी तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. धारणीच्या माणसाला अमरावतीचा आणि सिरोंच्याच्या माणसाला गडचिरोलीचा आयोग चालतो. सुनावणी व्हिडिओद्वारे व्हावी असा अर्जही करता येतो, आणि सिरोंच्याहून गडचिरोलीचे अंतर ज्याने एसटीने काटले आहे त्याला याचे महत्त्व सांगायला नको.

अडचण पावतीची असते. गावाकडे कोऱ्या चिठ्ठीवर आकडा लिहून पैसे घेतले जातात. अशा वेळी फोनपेचा व्यवहार, त्या दिवशी बँकेतून काढलेल्या रकमेची पासबुकातील नोंद, डॉक्टरचे नाव असलेली औषधाची बिले आणि पैसे देताना हजर असलेल्या माणसाचे प्रतिज्ञापत्र यांची मोट बांधावी लागते.

प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय किंवा जिल्हा रुग्णालयात मोफत उपचार झाले असतील तर ग्राहक आयोगाचे दार सहसा बंद असते, पण शासनाची जबाबदारी संपत नाही. अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत पोटात कापड राहिल्याने एका बाईचा मृत्यू झाला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये राज्य सरकारला जबाबदार धरले. शस्त्रक्रिया १९६३ सालची होती, हे लक्षात घेतले तर दिवाणी मार्ग किती लांब असू शकतो तेही कळते. या मार्गात शासनाला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. दावा करण्याची मुदत प्रकरणानुसार बदलते आणि काही वेळा दोन वर्षांहूनही कमी असते, म्हणून वकिलाचा सल्ला पहिल्या महिन्यातच घ्यावा. कोर्ट फी भरण्याची ऐपत नसेल तर निर्धन म्हणून दावा करण्याची परवानगी मागता येते. चूक ढळढळीत असेल आणि वादाचे मुद्दे कमी असतील तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिकेचा, म्हणजे शासनाविरुद्ध थेट उच्च न्यायालयात दाद मागण्याचा, विचार होऊ शकतो. सरकारी शिबिरात नसबंदी होऊनही दिवस गेले असतील तर कुटुंबनियोजन हानिभरपाई योजनेखाली वेगळा दावा करावा. त्यासाठी हलगर्जीपणा सिद्ध करावा लागत नाही, मात्र ९० दिवसांची मुदत काटेकोर पाळली जाते.

दोन वर्षांची मुदत

ग्राहक आयोगात तक्रार, तिचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. उशिराचे सबळ कारण असेल तर आयोग तो माफ करू शकतो, पण त्यावर विसंबू नये. शरीरात वस्तू राहिली आणि ती पुढे कळली तर मुदत कळल्यापासून मोजण्याचे तत्त्व आहे. तरीही श्रीखंडे विरुद्ध फर्नांडिस या २०१० च्या निकालात तक्रारदार हरली. ऑपरेशननंतर नऊ वर्षे तिला दुखत होते, ती वेदनाशामक गोळ्या घेत राहिली आणि तपासणीला गेली नाही. सावध माणसाने आधीच शोध घेतला असता, असे न्यायालयाने म्हटले. कापूस वेचणीच्या आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत दुखणे अंगावर काढणाऱ्या बायांना हा निकाल सर्वाधिक लागू पडतो. ऑपरेशननंतर दुखत राहिले तर दाखवावे आणि दाखवल्याचा कागद ठेवावा.

तज्ज्ञाचे मत

ही पायरी सर्वांत अवघड आहे. तालुक्यातले, पुष्कळदा जिल्ह्यातलेही डॉक्टर एकमेकांविरुद्ध लिहून देत नाहीत, आणि त्यांना दोष देण्यात वेळ घालवू नये. दुसऱ्या जिल्ह्यातील किंवा राज्यातील त्याच शाखेच्या डॉक्टरला, शक्य झाल्यास निवृत्त प्राध्यापकाला, कागद दाखवावेत आणि ‘चूक झाली का’ असा ढोबळ प्रश्न न विचारता नेमके प्रश्न विचारावेत. समजा पुसद तालुक्यातील सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असलेल्या एका बाईचे ऑपरेशन झाले आणि नंतर तिची प्रकृती ढासळली, तर असे विचारावे: ऑपरेशनपूर्वी सिकलसेलची चौकशी किंवा तपासणी झाल्याचे या कागदांत दिसते का, ती आवश्यक होती का, आणि भूल देताना व नंतर प्राणवायू व द्रव यांची जी खास काळजी घ्यावी लागते ती घेतल्याची नोंद आहे का? अशा प्रश्नांना उत्तर देणे डॉक्टरलाही सोपे जाते.

मत मिळालेच नाही तरी दार बंद होत नाही. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाची गरज नसते, असे सर्वोच्च न्यायालयाने व्ही. किशन राव प्रकरणात २०१० मध्ये म्हटले आहे. पोटात कापड राहणे यासारखी गोष्ट स्वतःच बोलते. शिवाय कागदपत्रे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे मतासाठी पाठवावीत, असा अर्ज आयोगाकडे करता येतो. मत विरोधात गेले तर त्यातील उणिवा दाखवून लेखी प्रश्नावली देता येते. उपचार करणाऱ्याची पदवीही तपासावी. होमिओपॅथीच्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधे दिली आणि रुग्ण दगावला, अशा पूनम वर्मा प्रकरणात १९९६ मध्ये न्यायालयाने ते कृत्यच हलगर्जीपणा मानले होते. नोंदणीच नसलेल्या बोगस डॉक्टरबद्दल तालुका आरोग्य अधिकारी आणि पोलीस यांच्याकडे वेगळी तक्रार करावी.

रक्कम कशी मांडावी

आकडा हवेत मागू नये. झालेला खर्च, पुढचा खर्च, बुडालेली मिळकत, कायमचे अपंगत्व, काळजी घेणाऱ्या माणसाची बुडालेली मजुरी आणि मनस्ताप असे भाग करून प्रत्येकाला आधार द्यावा. शेतकरी आणि मजुराकडे पगाराची पावती नसते, त्यामुळे सातबारा, बाजार समितीची विक्रीची पट्टी, कापूस विकल्याच्या पावत्या, रोजगार हमीचे जॉब कार्ड आणि किमान वेतनाचे शासनाचे दर यांवर मिळकत दाखवावी. स्वतःचे घर सांभाळणाऱ्या बाईची मिळकत शून्य धरू नये. तिच्या श्रमाचे मोल न्यायालये मानतात. नागपूरला नेण्या-आणण्याचा गाडीखर्च, तिथे राहिलेल्या नातेवाइकाचा खर्च आणि त्यासाठी विकलेल्या बैलजोडीची पावती किंवा काढलेले कर्ज हेही लिहावे, कारण गावाकडे खरे नुकसान तिथेच झालेले असते.

तक्रार दाखल करणे

आधी वकिलामार्फत नोटीस देणे सक्तीचे नाही, पण तिच्या उत्तरातून डॉक्टरची बाजू कळते. तक्रारीत तारीखवार हकीकत, प्रत्येक चूक वेगळ्या परिच्छेदात, मागणी, प्रतिज्ञापत्र आणि कागदांची यादी असावी. डॉक्टर, दवाखाना आणि माहीत असल्यास त्यांची विमा कंपनी यांना पक्षकार करावे, कारण पुढे पैसे बहुधा विम्यातून येतात. रुग्ण मरण पावला असेल तर वारस आणि अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालील असेल तर पालक तक्रार करू शकतात. दाखल करणे आयोगाच्या कार्यालयात किंवा ई-जागृती या संकेतस्थळावर होते. विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. ती मर्यादा ओलांडता येत नाही. निकाल काही महिन्यांत व्हावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वर्षे लागतात, हे धरूनच चालावे.

वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे जावे किंवा १५१०० वर फोन करावा. स्त्रिया, मुले, अपंग व्यक्ती आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

दरम्यान गावचे कोणी मध्यस्थ रोख रक्कम घेऊन येतात. तडजोड करण्यात गैर काही नाही, परंतु पुढचा उपचार किती चालेल हे कळण्यापूर्वी ‘यापुढे कसलाही दावा नाही’ यावर सही करू नये, आणि रक्कम बँकेतूनच घ्यावी. गंभीर इजा किंवा मृत्यूची प्रकरणे आयोग मध्यस्थीकडे पाठवत नाही.

पोलीस आणि वैद्यक परिषद

फौजदारी तक्रारीतून भरपाई मिळेल, या अपेक्षेने ठाण्यात जाऊ नये. जेकब मॅथ्यू प्रकरणातील २००५ च्या निकालानुसार गुन्ह्यासाठी घोर हलगर्जीपणा लागतो आणि पोलिसांनी आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावे लागते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार नोंदणीकृत डॉक्टरला कमाल शिक्षा दोन वर्षांची आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषद डॉक्टरची नोंदणी निलंबित करू शकते, पैसे देऊ शकत नाही. तरी तिचा निष्कर्ष आयोगात उपयोगी पडतो. मात्र परिषदेच्या निकालाची वाट पाहत आयोगातील दोन वर्षे जाऊ देऊ नयेत.

निकालानंतर

जिल्हा आयोगाच्या निकालावर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील होते आणि विदर्भासाठी त्याचे खंडपीठ नागपूरला बसते. अपील डॉक्टरने केले तर त्याला मंजूर रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. अपील झाले नाही आणि पैसेही आले नाहीत, तर अंमलबजावणीचा अर्ज करावा. आदेश न पाळणाऱ्याला ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. आदेशाची साक्षांकित प्रत निकालानंतर लगेच घ्यावी, कारण अपील आणि अंमलबजावणी दोन्हींसाठी तीच लागते.